एनेलेसची कबुली

सरोवराकाठच्या त्या गावातलं चर्च एनेलेस एकोणीस वर्षं झाडत होती. कुणी सांगितलं नव्हतं. गुडघे गेले, तरी तिचा एक शनिवार चुकला नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी तिचा थोरला मुलगा तापानं गेला, त्या आठवड्यात मासळी उदंड आली होती. बारकी मासळी वाळत घालायच्या घाईत दवाखाना उद्यावर गेला, मग परवावर. दफनाला बायका कुजबुजल्या, "पोर तापलं होतं, तेव्हा आई कुठं होती?" एनेलेसच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या नणंदेनं करणी केली." नणंद टावोंगा विधवा, एकटी. दिवस मावळायच्या आत लोकांनी तिचं घर जाळलं आणि तिला हाकलून दिलं.

यंदा इस्टरच्या आधी पाळक मुन्थाली म्हणाले, "एनेलेसबाई, जरा बसा. किती झाडाल?"

तिनं पहिल्यांदाच सगळं सांगितलं. मग विचारलं, "अजून किती वर्षं झाडलं म्हणजे माझं पाप धुतलं जाईल?"

"झाडून नाही जायचं ते. प्रभूनं क्रुसावर ते आपल्या अंगावर घेतलंय. तुम्ही फक्त हात पुढं करायचा. आणि टावोंगाकडे जायचं."

दुसऱ्या दिवशी ती डोंगर चढून टावोंगाच्या आताच्या घरी गेली. टावोंगा अंगणात कसाव्याचे कंद सोलत होती.

"ताई, मी खोटं बोलले होते."

"ठाऊक आहे. घर माझंच जळलं ना." टावोंगाची सुरी थांबली नाही. "बस आधी. पाय बघ कसे सुजलेत."

"मला माफ केलंस?"

"पुष्कळ वर्षं नाही केलं. रोज प्रार्थनेत तुझं वाईट मागायचे. मग दमले, वहिनी. देवाला म्हटलं, हिच्यावर माया करणं मला जमत नाही, तूच कर. तो म्हणाला असेल, मी कधी थांबलो होतो?"

एनेलेसला रडूही येईना. तिनं दुसरी सुरी घेतली आणि दोघी सोलत राहिल्या.

रविवारी ती चर्चमध्ये उभी राहिली आणि तिनं सगळ्यांसमोर आपलं खोटं कबूल केलं. शेजारच्या दोघी बाक सोडून मागं जाऊन बसल्या. गावच्या मुखियानं टावोंगाला परत बोलावलं. तिनं निरोप धाडला, आता तिथं नव्यानं घर बांधायचं बळ नाही.

इस्टरला प्रभुभोजनाचा, द्राक्षरसाचा पेला आला. इतकी वर्षं आपण त्याच्या लायक नाही म्हणून एनेलेस तो ओठांना न लावता पुढं देत असे. त्या दिवशी तिनं घोटभर घेतलं, आणि दमलेलं अंग बाकावर सैल सोडलं.