आठवा आवाज

कार्यकारी अभियंता विजयश्री यांच्याकडं तीन तालुक्यांची वीज होती, आणि त्यांचा एक नियम सगळ्या लाईनमनांना पाठ होता. बंद केलेली लाईन पुन्हा सोडण्याआधी कामावरच्या प्रत्येकानं फोनवर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, "मी उतरलो." दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नसे. वरचे साहेब हसायचे, "मॅडम, ही काय शाळेची हजेरी आहे?"

नियमामागं काशप्पा होता. दोन वर्षांपूर्वी मंठाळच्या वाटेवर तो खांबावर असतानाच लाईन सुटली, आणि तो जागीच गेला. चौकशी अहवालात लिहिलं गेलं, 'कामगाराचा स्वतःचा हलगर्जीपणा.' खाली सही विजयश्रींची. "सगळे उतरले असतील, सोडा लाईन," हा हुकूमही त्यांचाच. तो मात्र अहवालात नव्हता.

यंदा वैशाखात वादळानं त्याच लाईनचे चार खांब आडवे केले. सात माणसं दुरुस्तीला गेली. दुपारी तीनला काम संपलं. उपकेंद्रात विजयश्री फोनचा स्पीकर लावून बसल्या. शेजारी ऑपरेटर गुरुलिंग एकेका नावापुढं खूण करत होता. सातवा बंडेप्पा बोलला, "म्या उतरलो, अक्का."

गुरुलिंग लाईन सोडायला उठला, आणि फोनमधून आणखी एक आवाज आला. बारीक, लांबून आल्यासारखा.

"मी वरच हाय, अक्का."

बाहेर ऊन रणरणत होतं, तरी गुरुलिंगच्या अंगावर काटा आला. "मॅडम, ह्यो आवाज..." पुढचं नाव त्याच्या तोंडून निघेना.

तेवढ्यात दुसऱ्या फोनवर वरिष्ठ साहेब तापले. "काम झालंय ना? मग थांबलात कशाला?"

"माणसं सात गेलीत साहेब, आवाज आठ आले. लाईन सुटणार नाही. जबाबदारी माझी." साहेबांचं पुढचं बोलणं पुरं व्हायच्या आत विजयश्रींनी फोन ठेवला. गुरुलिंगला स्पीकर चालूच ठेवायला सांगून त्या जीपनं निघाल्या.

सातही जण बाभळीखाली बसले होते. "आमी सातच हाव," बंडेप्पा म्हणाला. "माज्यामागं कुणीबी बोललं न्हाई."

विजयश्रींनी एकेक खांब चालत पाहिला. सगळे रिकामे. काशप्पाच्या खांबाशी मात्र त्या थबकल्या. वारा पडला होता, तारांत वीज नव्हती, तरी तारा गुणगुणत होत्या. सातही माणसं मागं उभी राहिली. कुणी पुढं येईना.

"काशप्पा," त्या वर बघून म्हणाल्या, "हुकूम माझा होता. तुमची चूक नव्हती. आता खाली या."

गुणगुण थांबली. बंडेप्पाच्या हातातल्या फोनवर गुरुलिंग ओरडला, "मॅडम, आत्ता कोण बोललं? 'उतरलो' म्हणालं!"

तिथं उभ्या असलेल्यांपैकी कुणीच तसं बोललं नव्हतं.

लाईन सुटली. त्याच आठवड्यात विजयश्रींनी स्वतःविरुद्ध लेखी जबाब दिला. चौकशी नव्यानं झाली, पद गेलं, कलबुर्गीच्या गोदामात बदली झाली. नवा अहवाल घेऊन त्या करजगीला काशप्पाच्या बायकोकडं, राजूबाईंकडं गेल्या. राजूबाईंनी त्यातली 'काशप्पाची चूक नव्हती' ही ओळ तीनदा वाचून घेतली.

"इतकंच लिवायचं हुतं," त्या म्हणाल्या, "तर दोन वर्सं कामून लागली, अक्का?"