कॅन कशानं घासला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमचे हे होते तोवर ह्यांना नाही, लेकीला नाही — देवापुढेसुद्धा नाही. देवापुढे हात जोडले की मी भलतंच काहीतरी मागत बसते. तुम्ही मध्येच उठून जाणार नाही असं वाटतंय, म्हणून सांगते.

सत्तर साल असेल, नाहीतर त्याच्या जरा पुढेमागे. लोणावळ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो — सासूबाई, हे, मी, धाकटे दीर आणि त्यांची नवी नवरी सुमन. आंदर मावळातली पोर, सगळ्याचं नवल वाटायचं तिला. खिडकी उघडली की धुकं सरळ घरात शिरायचं, आणि त्या धुक्यात भाजलेल्या सातूचा वास मिसळलेला असायचा. मला अजून कधी कधी तो वास येतो. कुठून येतो कोण जाणे!

ह्यांना घरी बिअर करायचा नाद होता. एका बंगल्यावर वायरिंगला गेले होते, तिथल्या म्हाताऱ्या साहेबानं शिकवलं. सातू भिजवून मोड आणायचे, वाळवून भाजायचे, मग उकळून पाणी काढायचं. कडूपणाला काडेचिराईत, आणि पाववाल्याकडचं यीस्ट. परवाना कसला आणि काय! सगळा कारभार दार लोटून.

ती आंबवायला काचेचा एक मोठा बुधला होता. आतलं सगळं दिसायचं — फेस हळूहळू वर चढायचा, दमून खाली बसायचा, मग तळातून बारीक बुडबुडे निघत राहायचे. भाजी निवडता निवडता मी त्या बुडबुड्यांकडे बघत बसे. दुपार कधी सरली ते कळायचं नाही. पण धुवायची वेळ आली की जीव मुठीत. ओला बुधला हातातून निसटायचा. म्हणून बाजारात प्लास्टिकचे पांढरे, रुंद तोंडाचे कॅन आले तेव्हा मी हट्टच धरला. हे म्हणाले, काच ती काच. मी म्हटलं, फुटली तर पाय माझा कापेल, तुमचा नाही. शेवटी आणला. ह्यांची अट एकच — आतून घासायचं नाही, गरम पाणी आणि मऊ फडकं, बस्स.

पण माझ्या हाताला सवय राखेची आणि काथ्याची. आमच्या लायनीत माझ्या भांड्यांचं नाव होतं, सांगायला हरकत नाही. नुसतं विसळलेलं भांडं मला खरकटंच वाटायचं. मी कोपरापर्यंत हात घालून तो कॅन घासायची. दर वेळी. ह्यांना न सांगता.

दोन-तीनदा बिअर छान झाली. मग एका रविवारी ह्यांचे सोबती आले — ह्यांच्या रेल्वेतल्या साहेबांची बदली झाली होती, त्यांनाही मुद्दाम बोलावलं होतं. पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी! आंबट ढाण. साहेबांनी हसून विचारलं, ताक आहे का हो? ह्यांचा चेहरा असा काही पडला... पाहुणे गेल्यावर ह्यांनी मला विचारलं, "कॅन घासला होतास का?"

"नाही," मी म्हटलं.

किती चटकन आलं तोंडातून! ह्यांची नजर कॅनकडे वळली. मला राहवेना — आणि मी म्हटलं, "परवा सुमन कान लावून बसली होती त्याला."

खोटं नव्हतं ते. लावला होता तिनं कान. डोळे मिटून ऐकत होती आणि हसली होती — "आक्का, आत कुनीतरी कुजबुजतंय बगा." दुसऱ्या दिवशी ती बाजूला बसली. आणि सासूबाईंचा नियम होता — घरात काही मुरत ठेवलं, मग ते लोणचं असो की ह्यांची बिअर, बाजूला बसलेल्या बाईनं त्याला शिवायचं नाही. मला हे सगळं ठाऊक होतं. माझ्या एका वाक्याचं सासूबाई काय करतील, ते ठाऊक नव्हतं का? होतं.

"बाजूला बसायची येळ आदल्या दिशीच आली हुती न्हवं? लपवलंस व्हय आमच्यापासनं?" सासूबाईंनी सुमनला विचारलं.

"न्हाई आत्याबाई. देवाशपथ न्हाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत राहिले.

त्याच संध्याकाळी मागच्या दारी मी कॅन उजेडात धरला. आत बारीक ओरखडेच ओरखडे. नाक आत घातलं — धुऊनही आंबट वास तसाच, ओरखड्यांत बसलेला. माझ्या हातचं काम ते. सुमन तिथंच पायरीवर बसली होती, डोळे सुजलेले. एक हाक मारायची होती फक्त. मी कॅनमध्ये रॉकेल भरून ठेवलं, म्हणजे आत कुणी डोकावायला नको.

पुढच्या खेपेला ह्यांनी पुन्हा काचेचा बुधला काढला, आणि सुमनला जवळ फिरकू दिलं नाही. बिअर झकास झाली. "बगा, म्या म्हनलं न्हवतं?" सासूबाई म्हणाल्या. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मग ते चिकटलंच तिला. सुमनचा हात नासका. लोणचं नको, कुरडयांचा चीक नको, साधं विरजणसुद्धा नको. तिच्या स्वतःच्या लेकीच्या लग्नात हळद कालवायची वेळ आली, तर ही आपणहून मागे सरली — "माजा हात नगं." कुणी काही बोललं नव्हतं. सासूबाई तर कधीच गेल्या होत्या. तेव्हा कुणाचं भय होतं मला? हळदीची वाटी माझ्याच पुढे आली, आणि मी कालवली. लाज वाटली. पण तरीही कालवली.

आता हेही नाहीत, दीरही नाहीत. माझे गुडघे गेले म्हणून सुमन माझ्याकडे येऊन राहिली आहे. सगळा स्वयंपाक तीच करते, मला न्हाऊ घालते, पाय चेपते. फक्त रोज जेवायच्या वेळी वाटी घेऊन दारात उभी राहते — "आक्का, लोणचं काढून देता का?" आम्ही दोघी सत्तरीच्या पार गेलो. बाजूला बसायचं थांबूनही जमाना झाला.

आजही आली होती. मी गुडघ्यावर हात ठेवून उठले, बरणी उघडली आणि दोन फोडी तिच्या वाटीत घातल्या.