बिनवाक्याचा मामा

संग्रामपुरात आमच्या शेजारी शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. गावातली हौशी मंडळी दरवर्षी एक जुनं संगीत नाटक करतात, म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या पोरीचं. दुसऱ्या दिवशी यांच्या दुकानात पात्रांचा न्यायनिवाडा ठरलेला. आम्ही म्हाताऱ्याला शिव्या घालायचो, पोरीच्या बापाला घालायचो. हे मात्र मशीनचं चाक हातानं हळूहळू फिरवत ऐकायचे. चाक थांबलं की निकाल.

“म्हातारा हावरा, बाप लोभी. त्याईले दिसतच नाई. पण मामाले तं दिसते ना, भाऊ? पोर रडून राह्यली, अन् हा तिले हात धरून मांडवात आणते! सगळ्यात नीच थो.”

नाटकात त्या मामाला एक वाक्यसुद्धा नाही. आम्ही हसायचो.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या भाचीचं लग्न होतं. नवरदेव पाटावर उभा, अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या. गुरुजींनी माईकवरून पुकारलं, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.”

हे आत गेले आणि एकटेच बाहेर आले.

“पोर नाई म्हणते,” एवढं बोलून खोलीच्या दारातच मांडी घालून बसले.

त्यांची धाकटी बहीण, पोरीची आई, पाया पडली. मेहुणा अंगावर धावून आला.

“मले मारा,” ते म्हणाले, “पण मी तिले आणत नाई.”

ते जमिनीवर बसलेले, आम्ही उभे. तरी आम्हीच मान वर करून त्यांच्याकडे पाहतोय असंच मला वाटत होतं. मुठीतल्या अक्षतांचं काय करावं, ते मांडवात कोणालाच कळेना.