उकळलेल्या हृदयाविषयी एक दुरुस्ती

“विज्ञानाच्या सरांनी प्रयोगाच्या नावाखाली बकऱ्याचे हृदय शाळेत शिजवले आणि एकट्याने फस्त केले, चिंचही जरा जास्तच पडली होती.” आमच्या शाळेच्या स्मरणिकेत निवृत्त मराठी शिक्षकांनी हे छापून आणले आहे. ते विज्ञानाचे सर म्हणजे मी. हल्ली मी जेवायला बसलो की नातवंडे तोंड दाबून हसतात. म्हणून हे उत्तर.

सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. हृदय मुठीसारखे मिटते, एवढेच तेव्हा वर्गात सांगितले जाई. मला ते अपुरे वाटे. हृदयाच्या भिंतीतले स्नायुतंतू वळसे घेत जातात: बाहेरचे एका दिशेला तिरपे, आतले उलट दिशेला. म्हणून हृदय नुसते आवळत नाही; ओले धोतर पिळावे तसे स्वतःला पिळते आणि रक्त बाहेर लोटते. उकळलेल्या हृदयाचे हे थर उलगडून तपासनीस साहेबांना दाखवायचे, असे मी ठरवले. प्रयोगशाळेला स्वतंत्र खोली मिळणे त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होते.

लाखनीच्या बाजारातून हृदय आणले. शाळा भरण्यापूर्वी, खोलीत मी एकटाच असताना, ते स्टोव्हवर उकळले, पातेल्यावर झाकण ठेवले आणि साहेबांना घ्यायला एस.टी.च्या थांब्यावर गेलो. त्यांना घेऊन परतलो, तो पातेले रिकामे. शेजारच्या वर्गात फक्त हेच मराठीचे सर होते. मांजर येऊन गेली असावी, असे त्यांनी मिशा पुसत सुचवले.

आमच्या वयस्क चपराशाने पातेले न्याहाळले. “मांजरीनं खाल्लं असन जी, सर,” तो म्हणाला, “पर जाता जाता झाकन काहून लावून गेली?”

मी खचलो नाही. मराठीच्या सरांच्याच खांद्यावरचा दुपट्टा मागून घेतला, भिजवला आणि साहेबांसमोर पिळून हृदयाचे कार्य समजावले. सिद्धांत निर्दोष होता; पाणी मात्र साहेबांच्या पॅन्टवर गेले. खोली मिळाली नाही.

ते दुःख मी गिळले. हृदय गिळल्याचा आरोप मात्र गिळणार नाही. पातेल्यात चिंच नव्हतीच. तंतू सुटे व्हावेत म्हणून मी त्यात थोडे ॲसेटिक आम्ल घातले होते, वासही येऊ नये इतके विरल. ते हृदय आंबट आहे, हे चाखल्यावाचून कोणालाही कळणे शक्य नव्हते.