रीस्टार्टकाका आणि समोरची भिंत

जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लागून, एक टेबल होतं. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. संध्याकाळी त्या टेबलापाशी बसणाऱ्या गृहस्थांना सगळी इमारत रीस्टार्टकाका म्हणायची. हे नाव ठेवलं होतं दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरबाईंनी. त्यांच्या जिभेला त्यांच्या कात्रीइतकीच धार होती.

"काका, माझा फोन मेला हो."

"मेला नाही, दमलाय. बंद करून चालू केलात का?"

"तुम्हाला दुसरं काही येतं की नाही? उद्या मला ताप भरला तरी म्हणाल, बंद करून चालू करा."

"तुम्ही बंद कुठे होता? ते जमलं तर पुढचं बघू."

टेलरबाई हसायच्या, काका बटण दाबून धरायचे, आणि बहुतेक वेळा फोन खरंच ताळ्यावर यायचा. नाही आला तर काका चष्मा कपाळावर चढवून नीट बघायला घ्यायचे. जागा भरली असेल, तर लोकांनी पाठवलेली सुप्रभाताची चित्रं आधी पुसा. ती आपोआप उतरतात, ते बंद करा. अक्षरं बारीक दिसतात ना, मग डोळ्यांना त्रास कशाला, अक्षरंच मोठी करा. फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नका. बँकेतून बोलतोय म्हणून कोणी आकडा मागितला, तर तो आकडा सख्ख्या भावालाही सांगू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्या जिवाचं आहे त्याची एक प्रत फोनबाहेर ठेवा. फोन म्हणजे काचेचं भांडं, कधी हातातून सुटेल सांगता येत नाही.

काकांची एक सवय मात्र लोकांना गमतीची वाटे. कोणी फोन उघडण्यासाठी पॅटर्न काढायला लागलं, की काका मान वळवून भिंतीकडे बघत. नुसती नजर फिरवत नसत, खुर्चीसकट वळत. भिंतीवर ओलीचा एक मोठा डाग होता, तो निरखत बसत आणि विचारत, "झालं का?"

"काका, माझ्या फोनमध्ये काय खजिना आहे?" टेलरबाई म्हणायच्या. "ब्लाउजची मापं. बघा की खुशाल."

"मापं तर मुळीच बघायची नसतात," काका भिंतीला सांगत.

ही सवय नोकरीतली. काकांचं सारं आयुष्य टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलं. खांबावर चढून तार तपासताना कानाला लावलेल्या फोनवर लोकांची बोलणी ऐकू यायचीच. पहिल्याच दिवशी त्यांच्या मुकादमाने सांगितलं होतं, "वर काही कानावर पडेल ते पडेल. खाली उतरताना बरोबर आणायचं नाही." काकांनी ते असं गाठीला बांधलं, की गल्लीतली भांडणं, सोयरिकी, कोणाकोणाची रडणी त्यांना सगळ्यांच्या आधी कळली आणि त्यांच्या तोंडून कधीच कोणाला कळली नाहीत.

घरीही तेच. काकू फोन उघडायला लागल्या की काका भिंतीकडे बघायचे.

"अहो, मी तुमची बायको आहे," काकू म्हणायच्या. "घरात कसला आडपडदा?"

"तुझा फोन तुझा."

"तेही खरंच. आमचं माय-लेकरांचं काय काय असतं त्यात. तुमच्या चहाड्याच जास्त."

मुलगा लांबच्या एका पुलाच्या कामावर होता. काकूंना टाइप करणं जमत नसे, म्हणून तो रोज जेवणाच्या सुट्टीत बोलून निरोप पाठवायचा. काकू ते स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून ऐकायच्या, हसायच्या. काका बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचायचे. हसणं ऐकू यायचं, शब्द यायचे नाहीत. एकदा काका म्हणाले, "त्याचे निरोप कॉम्प्युटरवर उतरवून ठेवू का? फोनचा भरवसा नसतो."

"नको. तुम्ही ऐकाल."

"नाही ऐकणार."

"तरी नको."

विषय तिथेच संपला. पुढे कधीतरी इमारतीतल्या एकाचा फोन चोरीला गेला आणि त्यातले घरचे फोटो भलत्यांच्या हाती पडले. तेव्हा काकांनी टेबलावर सगळ्यांना नवी युक्ती सांगितली. फोनमध्ये एक सोय असते. ती चालू केली आणि कोणी ठरावीक वेळा चुकीचा पॅटर्न काढला, तर फोन आतलं सगळं आपणहून पुसून टाकतो. चोराच्या हाती नुसतं डबडं. ज्यांना हवी होती त्यांना काकांनी ती सोय लावून दिली. सुरुवात आपल्या घरापासून केली होती.

मग पुलाचा एक भाग कोसळला. मुलगा त्यात गेला, त्याचा फोनही त्याच्याबरोबर गेला. त्यानंतरच्या दिवसांबद्दल काका कोणाशी बोलले नाहीत. टेबल बराच काळ रिकामं राहिलं.

काकूंचं विसरणं त्यानंतर सुरू झालं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग वार. मग एका दुपारी त्यांनी भिंतीवरच्या मुलाच्या फोटोकडे बघून विचारलं, "याचा फोटो असा एकट्याचा का लावलाय?" काकांनी सांगितलं. काकू जमिनीवर बसल्या. पहिल्यांदाच ऐकल्यासारखं त्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा पहिल्यांदाच. काकांनी फोटो उतरवून कपाटात ठेवला. भिंतीवर त्या जागी फिकट चौकोन राहिला, आणि काकूंच्या मनात मुलगा परत कामावर गेला.

तेव्हापासून दुपारचा एक नेम झाला. जेवण झालं की काकू खुर्चीत बसून फोन उघडत आणि जुन्या निरोपांपैकी एखादा लावत. त्यांच्या लेखी तो आत्ताच आलेला असे. आता त्या काकांनाही ऐकवत. लपवायचं होतं हेही त्या विसरल्या होत्या.

"आई, जेवलो. इथं वारा इतका आहे की चपातीच उडून चालली होती. बाबांना सांग, चार्जर घरी विसरलोय. त्यांनी वापरावा, फणसासारखं फुगलेलं ते त्यांचं जुनं धूड टाकून द्यावं."

"ऐकलंत? टाकून द्या म्हणतोय."

"दिलं टाकून," काका म्हणत. दिलंही होतं. मुलाच्याच चार्जरवर आता दोघांचे फोन लागत होते.

ते ऐकलं की काकूंची दुपार शांत जायची. न ऐकता गेली तर त्या दाराशी जाऊन कडी चाचपत राहायच्या. निरोप उतरवून घ्यायचं काकांच्या मनात रोज यायचं. पण धड असताना बायको नको म्हणाली होती. ते तिच्या आठवणीत नव्हतं, यांच्या होतं. तिला पत्ता लागणार नाही म्हणून तो नकार मोडायचा, हे काकांना खांबावरून बोलणं खाली आणण्यासारखं वाटे. आज नको, उद्या बघू, असं करत ते राहत गेलं.

पॅटर्न काढताना काकूंचं बोट भरकटायला लागलं, तेव्हा काकांनी त्यांच्या अंगठ्याचा ठसा फोनला ओळखायला लावला. त्यासाठी एकदा पॅटर्न लागला. काकूंनी तो सावकाश काढला. काका त्या वेळी भिंतीवरचा फिकट चौकोन बघत होते.

पुढे अंगठा टेकवला की फोन उघडायचा. पॅटर्नची गरजच उरली नाही.

आणि एके दिवशी निरोप वाजेना. पडदा नुसता गोठून राहिला. काकू कासावीस झाल्या, "अहो, त्याचा आवाज अडकला. बघा ना, आत अडकलाय तो." काकांनी फोन हातात घेतला आणि आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं तेच केलं. बटण दाबून धरलं.

फोन परत उजळला तेव्हा काकांना आठवलं. बंद होऊन चालू झालेला फोन पहिल्या वेळी अंगठा मानत नाही, पॅटर्न मागतो. हे त्यांनी टेबलावर किती जणांना बजावलं होतं. पडद्यावर नऊ ठिपके होते.

"काढ," काका म्हणाले, आणि सवयीने भिंतीकडे वळले.

"काय काढू?"

काकूंनी काहीतरी काढलं. चूक. पुन्हा काढलं. चूक. काका वळले आणि फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. फोन काढून घेणं त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं. काकू त्यांच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशा बघत राहिल्या.

नाक्यावरचा मोबाईल दुरुस्तीवाला काकांना मानायचा. गिऱ्हाइकं थांबवून त्याने फोन पाहिला.

"काका, तुम्हाला मी काय सांगणार? पुसल्याशिवाय उघडायचा नाही. आणि ती पुसायची सोय..."

"मीच लावलीय."

"प्रत?"

काकांनी फोन घेण्यासाठी हात पुढे केला. दुरुस्तीवाल्याने फोनची काच फडक्याने पुसून, जरा जास्तच जपून, तो परत दिला. "बंद करून ठेवा. काकूंना आठवला तर आठवला. उगीच चाळवू नका. थोड्याच खेपा शिल्लक असतील. काका, तुम्हाला काकूंचा पॅटर्न माहीत नाही, कमाल आहे. माझ्या बायकोला माझा, माझ्या मेव्हण्याचा, सगळ्यांचे माहीत आहेत."

काकांनी फोन लोखंडी कपाटात ठेवला आणि काकूंसाठी पाटी आणली. पाटीवर खडूने नऊ ठिपके काढले. दुपारी जेवण झालं की पाटी समोर धरायचे.

"बोट फिरव. कसं फिरवायचीस?"

काकू कधी घर काढत, कधी नुसती आडवी रेघ. कधी म्हणत, "मला शाळेत घातलंय का?" आता काका भिंतीकडे बघत नव्हते. डोळ्यांत तेल घालून त्या बोटाकडे बघत होते. एका आठवड्यात कोपऱ्यात वळणारी एकच आकृती लागोपाठ दोनदा आली. काकांना धीर धरवला नाही. फोन चालू करून त्यांनी स्वतःच्या हाताने ती काढली.

चूक. पडद्यावर इशारा आला. आता एकच संधी शिल्लक, त्यानंतर सगळं पुसलं जाईल. ते वाक्य काकांना पाठ होतं. टेबलावर ते त्यांनीच लोकांना समजावून सांगितलं होतं. काकांनी फोन बंद केला, कपाटात साड्यांच्या तळाशी सारला आणि किल्ली खिशात टाकली.

त्यानंतर ते खाली टेबलावर जात, पण लक्ष नसे. टेलरबाईंनी हे ओळखलं. एके दिवशी त्यांनी चेष्टा केली नाही, ते काकांना चेष्टेपेक्षा जास्त लागलं.

"काका, माझ्या लेकीचे फोटो दिसेनासे झालेत. बाळंतपणातले. जरा वर येऊन मोठ्या कॉम्प्युटरवर बघता का?"

काका उठले. फोटो कुठे गेले नव्हते, भलत्या फोल्डरमध्ये जाऊन बसले होते. काकांनी ते शोधले, त्यांची एक प्रत वेगळी केली, ती पुन्हा उघडून पाहिली. टेलरबाईंनी चहा टाकला होता, पण काका म्हणाले, "नको, ती एकटी आहे." आणि जिना उतरताना खिशात हात घातला तर किल्ली नव्हती. शर्ट सकाळी बदलला होता.

कपाट उघडं होतं. साड्या जमिनीवर होत्या. काकू खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर फोन, आणि चेहरा कित्येक दिवसांत नव्हता इतका उजळलेला.

"उघडला बघा," त्या म्हणाल्या. "तुम्ही उगीच घाबरत होता. मी काढला आणि जरा वेळ गरगर फिरलं, मग उघडला."

काकांनी वाकून पाहिलं. पांढऱ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, स्वागत आहे. खाली, भाषा निवडा.

काका शेजारच्या खुर्चीत बसले. हात कशावर ठेवावेत हे त्यांना कळेना.

"अहो, लावा ना त्याचा आवाज."

काय सांगणार? सांगितलं तर ती जमिनीवर बसेल, आणि उद्या पुन्हा विचारेल. काकांनी फोन घेतला. भाषा निवडली. तारीख लावली. पुढे, पुढे, पुढे. हजार वेळा केलेलं काम, बोटं आपणच करत होती. शेवटी पडद्यावर नऊ ठिपके आले. नवा पॅटर्न काढा.

त्यांनी फोन काकूंच्या हातात दिला. मान वळवली नाही.

काकूंचं बोट खालच्या डाव्या ठिपक्यावर टेकलं, तिरपं वर गेलं, खाली उतरलं, मधून फिरून कडेला थांबलं. कुठे अडखळलं नाही. पुन्हा काढा, फोन म्हणाला. काकूंनी पुन्हा काढला, तसाच, ओट्यावरून फडकं फिरवावं इतक्या सहज. पाटीवर ही आकृती एकदाही आली नव्हती.

"हाच तर आहे माझा," काकू म्हणाल्या. मग काकांकडे बघून डोळे बारीक केले. "काय हो, आज भिंतीकडे नाही बघितलंत?"

"राहिलं."

"मग सांगू नका कोणाला." त्यांनी फोन काकांच्या हातावर ठेवला आणि पदर सारखा करून ऐकायला बसल्या. "लावा आता."

फोन कोरा होता. कोपऱ्यात घड्याळ तेवढं चालत होतं, आणि मुलाच्या चार्जरची वायर खुर्चीच्या पायाशी पडली होती.

"थांब जरा," काका म्हणाले. टेबलावर त्यांनी कोणाला कधी खोटं सांगितलं नव्हतं. "चालू होतोय अजून."

आणि ते बटण दाबून धरून बसले.