साबणाची डबी आणि सारामावशीचा शनवार

पेणला रामवाडीत उतरले तेव्हा माझ्या पर्समध्ये सात वर्षं इमानाने टिकलेला छोटा कॅमेरा होता आणि मनात त्याच्याविषयी बेइमानी. इथल्या एका स्टुडिओवाल्यांकडे मोठा, लेन्स फिरवायचा जुना कॅमेरा विकायला होता.

"या साबणाच्या डबीत काय दिसतं, ताई?" माझा छोटा कॅमेरा बघून ते म्हणाले. "हा उद्यापर्यंत वापरा, मग ठरवा."

तो धोंडा गळ्यात अडकवला आणि मी एकदम ताठ चालू लागले.

रोह्याच्या एसटीत भांडून खिडकी मिळवली. गडबच्या थांब्यावर दुकानांमागे भाताची खाचरं सुरेख दिसत होती. पण माझा फोकस लागेपर्यंत गाडी सुटली आणि फोटोत कंडक्टरचं कोपर आलं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "पेपरात हाव काय तुमी?" मी मान अशी हलवली की धड हो नाही, धड नाही नाही. काय ती हौस!

खरं काम एकच होतं. आईची बालमैत्रीण सारामावशी दुसऱ्या दिवशी मुलाकडे इस्रायलला कायमची निघणार होती. गुडघ्यामुळे आईला पुण्याहून हलता येत नव्हतं. "तिचा चेहरा नीट दिसेल असा एक फोटो आण गं," एवढंच ती म्हणाली होती. आता दोघींची भेट होणं कठीण होतं.

चारला रोह्यात मावशीच्या ओटीवर पोचले. ऊन छान तिरपं होतं. मावशीला खुर्चीत बसवलं आणि ऐटीत एक डोळा मिटला.

"ठेव ती तोफ खाली," मावशी म्हणाली. "आज शनवार हाय."

शेजारच्या गंगाकाकू हसायला लागल्या. "शनवार तेल्यांकडं येतेस नि शनवारीच फोटो काढतेस गो?" (शनवार तेली : शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून इथल्या ज्यूंना पडलेलं नाव.) लहानपणापासून हे ऐकलेली मी नेमकी शनिवारीच उगवले होते. अक्कल पुण्यात विसरले होते, दुसरं काय!

"मग कधी, मावशी?"

"आभाळात तीन तारे दिसू देत, मंग शनवार सरला. तवर काल केलेले घारगे खा. गंगा चाय आणील, आज मी चूल पेटवायची नाय."

तारे आले, ऊन गेलं. मोठ्या कॅमेऱ्यातून बघते तर नुसता काळोख! त्याचा फ्लॅश वेगळा घ्यावा लागतो, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. पर्सच्या तळातून डबी काढली. रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता. गंगाकाकू मावशीच्या कानात काहीतरी बोलल्या, मावशी खदखदून हसली, आणि मी बटण दाबलं. लख्ख उजेड पडला.

रविवारी पेणला मोठा कॅमेरा परत करताना म्हटलं, "प्रिंट बघून कळवते."

पुण्यात प्रिंट हातात आली आणि मी कपाळावर हात मारला. मावशीचे डोळे लालभडक! छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून डोळ्यांत गेला की असं होतं. तिथल्या तिथे स्टुडिओवाल्यांना पत्र लिहायला बसले : कॅमेरा राखून ठेवा, घेते.

आईने चष्मा लावला. फोटो कितीतरी वेळ हातात धरून बसली.

"हसण्याचं सोंग करतेय मेली," ती म्हणाली. "डोळे बघ तिचे. किती रडलीय गं माझ्यासाठी!"

"हो आई, खूप रडली," मी म्हटलं, आणि पत्र फाडून टाकलं.