भुकटी की तुकडे

माझा थोरला भाऊ फरशी कापतो. तीस वर्षं झाली. लादीवर नुसती बोटं फिरवून ती कुठे तडकेल ते सांगतो, आणि म्हणून दगडातलं आपल्यापेक्षा कुणालाच जास्त कळत नाही, अशी त्याची पक्की समजूत. मूत्रनलिकेत खडा निघाला तेव्हा दवाखान्यातच म्हणाला, "नऊ मिलिमीटर? एवढी चूक तर मी लादी कापताना आयुष्यात केली नाही!"

पहिले डॉक्टर म्हणाले, होल्मियम लेसरने खडा फोडू आणि तुकडे बारीक जाळीने ओढून काढू. दुसरे म्हणाले, थुलियम लेसरने त्याची भुकटीच करू, ती लघवीवाटे निघून जाईल. एक गोष्ट मात्र दोघांनी सारखीच सांगितली: नळी तुंबून मूत्रपिंडाला सूज आली आहे, थांबू नका. ती आम्ही ऐकली आणि लेसरवर वाद घालत घरी आलो.

घोडं अडलं ते भुकटीवर. दादाचा भागीदार कोरडी फरशी कापता कापता छातीत धूळ बसून वारला होता.

"भुकटी निघून जाते म्हणतात सगळे. जात नाही, बसते," दादा म्हणाला.

"अरे, ती छाती. इथे पाणी वाहतं."

"बरं, मग तुकडेच काढू दे. पण त्यांना धार असते गं. नळी सोलवटली तर?"

म्हणजे हेही नको, तेही नको. दुसऱ्या दिवशी गेले तर हा माणूस कारखान्यात रबरी नळी वाकवून बसलेला. आधी छिन्नीने फोडलेले संगमरवराचे तुकडे सोडले, मग यंत्राखालची भुकटी सोडली, वरून पाण्याचा नळ. तुकडे वळणावर अडकले. भुकटीही वळणावरच बसली. दादा डोक्याला हात लावून नळीकडे बघत राहिला. मला हसू आलं, मग संताप आला, आणि मीच त्याला तिसऱ्या डॉक्टरांकडे नेलं.

ते म्हणाले, "दोन्ही चालतील."

झालं! आता तर आम्हा दोघांच्याही डोक्याचा पार भुगा झाला.

अशात एका सकाळी दादाचं दुखणं थांबलं. "पडला वाटतं खडा," तो म्हणाला, पोटभर जेवला आणि कामावर गेला. माझाही जीव भांड्यात पडला. तपासणी करून घे, असं मीही म्हणाले नाही. अडीच महिन्यांनी बळजबरीने सोनोग्राफीला नेलं, तर खडा जागच्या जागी. मग आणखी तपासण्या झाल्या. दुखायचं थांबलं होतं, पण नळी तुंबलेलीच होती, आणि त्या बाजूचं मूत्रपिंड जवळजवळ बंद पडलं होतं.

"किती उरलंय?" दादाने विचारलं.

"पंधरा टक्के," पहिले डॉक्टर म्हणाले. त्यांनी संमतीचा कागद पुढे केला आणि कुठला लेसर वापरणार ते सांगायला लागले. दादाने ऐकूनच घेतलं नाही, सही केली. मग म्हणाला, "तेव्हाच केलं असतं तर? कुठल्याने वाचलं असतं?"

"कुठल्यानेही."

दादा माझ्याकडे वळला. "मग आपण एवढे दिवस ठरवत काय होतो गं?"